जुना ट्रॅक्टर अर्ध्या तासात बंद पडतो, दर वेळी एअर काढावी लागते: दोष नेमका कुठे ते शोधण्याची रीत

सकाळी एका सेल्फला चालू होतो. शेतापर्यंत नीट जातो. नांगर लावून चार-पाच तासं (नांगरटीच्या ओळी) मारली की आवाज वरखाली व्हायला लागतो, जोर उतरतो आणि इंजिन बसतं. फीड पंपाची (टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलणाऱ्या पंपाची) दांडी हाणून एअर, म्हणजे डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा, काढली की पुन्हा चालू. दुसऱ्या दिवशी तेच. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी या पट्ट्यात पहिला ट्रॅक्टर म्हणून जुनी मॅसी 1035, इंटरनॅशनल बी-275, एचएमटी 2511, फोर्ड 3600 किंवा स्वराज 724 घेणाऱ्यांची ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे. आणि याच तक्रारीपायी चांगले चालणारे डिझेल पंप विनाकारण उतरवून खोलले जातात.

एअर काढली की ट्रॅक्टर चालू होतो, पण हवा ज्या वाटेनं आत आली ती वाट उघडीच राहते. ती वाट सापडेपर्यंत पंपाला, नोझलला हात लावू नये, असं आमचं ठाम मत आहे.

आधी डिझेल कसं वाहतं ते डोक्यात पक्कं बसवा. टाकी, टाकीखालचा कॉक, फीड पंप, फिल्टर (बहुतेक गाड्यांना दोन), डिझेल पंप (मोठ्या दाबानं डिझेल पुढे पाठवणारा), नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी). फीड पंपाच्या अलीकडचा भाग ओढीचा, पलीकडचा दाबाचा. दाबाच्या बाजूला सांधा ढिला असेल तर डिझेल बाहेर येतं, धूळ चिकटून काळा डाग पडतो, कुणालाही दिसतं. ओढीच्या बाजूला सांधा ढिला असेल तर इंजिन चालू असताना डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. सांधा वरून कोरडा दिसतो, म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. एअर घेणाऱ्या ट्रॅक्टरमध्ये पहिला संशय अशाच कोरड्या सांध्यांवर घ्यायचा.

बंद कसा पडतो, ते नीट बघा

बंद पडण्याच्या तऱ्हेवरून निम्मं निदान होतं.

बंद पडण्याआधी आवाज वरखाली होत असेल, म्हणजे इंजिन एकदम फुगतं आणि लगेच दबतं, तर आत हवा जाते आहे. आवाज वरखाली न होता भारावर जोर हळूहळू कमी होत असेल आणि मोकळ्यावर नीट चालत असेल, तर डिझेल कमी पोचतं आहे: जाळी, कॉक किंवा फिल्टर तुंबलाय. बंद पडल्यावर काही न करता दहा-पंधरा मिनिटं थांबलं की आपोआप चालू होत असेल, तर आधी टाकीचं झाकण बघा. टाकी भरलेली असताना दिवसभर चालतो आणि पाव टाकीवर आला की नखरे सुरू, असं असेल तर ओढीच्या बाजूचा सांधा हवा घेतोय हे जवळजवळ नक्की. भरलेल्या टाकीतल्या डिझेलचं वजन त्या सांध्यावर दाब ठेवतं, पातळी उतरली की तो दाब जातो.

थंड असताना लगेच चालू होतो आणि तापल्यावर बंद केला की तासभर चालूच होत नाही, हा प्रकार वेगळा आहे. त्याबद्दल शेवटी.

आणखी एक साधी गोष्ट: इंजिन बंद करायची स्टॉप केबल गंजून अर्ध्यावर अडकलेली नाही ना, ते पंपावरचा लिव्हर हातानं हलवून पाहा. तो पूर्ण मागे येत नसेल तर बाकी सगळं बरोबर असूनही इंजिन जोर धरणार नाही.

झाकण आणि कॉक

डिझेल खर्च होतं तेवढी हवा टाकीत वरून यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक किंवा श्वासाची वाट असते. पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणाखाली प्लास्टिकची पिशवी किंवा ट्यूबचा तुकडा लावायची सवय आपल्याकडे सर्रास आहे. खानापूरकडच्या पावसात चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरांवर तर हमखास. त्यानं श्वास बंद होतो, टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल यायचं थांबतं. कित्येकदा मूळ झाकण हरवून बिनभोकाचं दुसरंच बसवलेलं असतं.

तपासणी सोपी आहे. ट्रॅक्टर बंद पडला की लगेच झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा फुस्स आवाज आला तर दोष सापडला. नंतर झाकण नुसतं ठेवून, न आवळता, कामावर चालवा. पूर्ण वेळ चालला तर झाकणाचं भोक बारीक तारेनं साफ करा किंवा नवं श्वासाचं झाकण आणा. पावसासाठी झाकणावर वरून डबा उपडा घालावा, खाली पिशवी लावू नये.

आता कॉक. कॉकच्या पुढची नळी सोडून खाली मापाचा डबा धरा आणि कॉक पूर्ण उघडा. 35 अश्वशक्तीच्या आसपासचा ट्रॅक्टर पूर्ण भारावर तासाला साधारण सहा-सात लिटर डिझेल घेतो, म्हणजे आठ-दहा मिनिटांना एक लिटर. नुसत्या उतारानं येणारी धार यापेक्षा कितीतरी जोरात हवी, लिटरभर डिझेल दोनेक मिनिटांत भरायला हवं. धार सुरुवातीला जाड आणि अर्ध्या मिनिटात बारीक होत असेल तर टाकीतला गंज आणि गाळ कॉकच्या जाळीवर येऊन बसतोय. फुंकर मारून तो आत ढकलला की तासभर बरं वाटतं आणि परत तुंबतं, म्हणून टाकी उतरवावीच लागते. टाकीत दोन लिटर डिझेल आणि हातभर बारीक साखळी घालून सगळ्या अंगांनी हलवा, ओता, डिझेल स्वच्छ येईपर्यंत पुन्हा करा. शेवटी साखळी बाहेर काढायला विसरू नका. टाकीला भोक असेल तर डिझेलची टाकी तशीच वेल्डिंगला देऊ नये. आतली वाफ पेट घेते. गरम पाणी आणि सोड्यानं धुऊन, पाण्यानं काठोकाठ भरून, फक्त भोकापाशी रिकामं ठेवूनच वेल्डिंग करणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्यावी.

ज्या गाड्यांना फीड पंपच नाही, केवळ उतारानं डिझेल येतं, त्यांच्यात बहुतेक शोध इथंच संपतो. झाकण, कॉक, फिल्टर, इतकंच.

लेव्हल पाइपची तपासणी

ही एक तपासणी नीट केली तर मेकॅनिकच्या चार फेऱ्या वाचतात.

गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप, आतून 8 एमएमच्या आसपास, दोन-तीन हात लांबीची घ्या. बरोबर चार क्लिप. फीड पंपातून फिल्टरकडे जाणारी नळी सोडून तिच्या जागी ही पारदर्शक पाइप बसवा, क्लिप घट्ट आवळा, एअर काढा आणि इंजिन मध्यम रेसवर चालवा. पाइपकडे पाहत राहा.

पाइपमधून बुडबुडे जाताना दिसले तर हवा फीड पंपात किंवा त्याच्या अलीकडे शिरते आहे. पाइप स्वच्छ, बुडबुडा नाही आणि तरीही इंजिन एअर घेतंय, तर दोष फिल्टरपासून पुढे. एका पाइपनं अर्धी गाडी संशयातून मोकळी झाली.

बुडबुडे दिसले तर पुढचा टप्पा. स्वच्छ डब्यात पाच लिटर डिझेल घ्या, डबा टाकीच्या उंचीवर नीट बांधा आणि त्यातून दुसरी पाइप थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. मूळ टाकी, कॉक, नळी सगळं बाजूला. बुडबुडे थांबले तर दोष टाकी ते फीड पंप या हातभर लांबीत आहे. बुडबुडे तसेच राहिले तर फीड पंप स्वतःच हवा घेतोय.

हातभर लांबीतला सांधा शोधायला जाड ग्रीस वापरा. इंजिन चालू ठेवून एकेका सांध्यावर ग्रीसचा थर चोपडा आणि दरवेळी पाइपकडे बघा. ज्या सांध्यावर ग्रीस लागताच बुडबुडे थांबले, तो सांधा दोषी. दुसरी रीत रात्रीची: टाकी पूर्ण भरा, सगळे सांधे फडक्यानं कोरडे करा आणि वर खडूची पूड भुरभुरा. सकाळी जिथं पूड ओली, तिथं गळती.

पारदर्शक पाइप डिझेलनं काही दिवसांत कडक होते आणि क्लिपपाशी तडकते. तपासणी झाली की काढून टाका, कायमची ठेवू नका.

सापडणारे दोष आणि त्यांची दुरुस्ती

बांजो बोल्टचे (नळीच्या टोकाचा गोल डोळा आवळणाऱ्या पोकळ बोल्टचे) कॉपर वॉशर पहिल्या नंबरवर. एका बांजोला दोन वॉशर लागतात, डोळ्याच्या दोन्ही बाजूंना. जुनेच वॉशर पुन्हा पुन्हा आवळून कडक होतात आणि मग कितीही आवळा, बसत नाहीत. नवे घाला. नवे मिळेपर्यंत जुना वॉशर लालभडक तापवून पाण्यात टाका, तो मऊ होतो, मग बारीक पॉलिश पेपर काचेवर ठेवून दोन्ही अंगांनी घासून सपाट करा. अॅल्युमिनियमचा वॉशर मात्र एकदाच वापरायचा. बांजोच्या बसण्याच्या जागेवर ओरखडा असेल तर वॉशर बदलून भागणार नाही. बेळगावच्या उद्यमबागेत कुठलाही लेथवाला ती जागा सपाट करून देतो, बांजो बोल्टही तसाच बनवून मिळतो.

आट्यांवर प्लंबरची पांढरी टेप गुंडाळू नका. तिचे धागे सुटून फिल्टरच्या पुढे शिरले तर पंपात अडकतात. एम-सील, फेविक्विक हेही नाही. रस्त्यात अडकलात तर कपडे धुण्याचा साबण ओला करून सांध्यावर चोळा, डिझेलमध्ये तो विरघळत नाही. पण हा घरी पोचण्यापुरता इलाज.

रबरी नळी वरून चांगली दिसते, वाकवली की क्लिपच्या कडेला चिरा उघडतात. हातानं पूर्ण वाकवून बघा. डिझेलसाठीचीच नळी घ्या, पाण्याची किंवा गॅसची नको, ती आतून सुजून वाट बंद करते.

फिल्टर बदलताना होणारी चूक फार ठिकाणी दिसते: जुनं रबर रिंग खाचेतच चिकटून राहतं आणि नवं त्याच्यावर बसवलं जातं. मधला बोल्ट घट्ट लागतो, तरी एका बाजूनं फट राहते. पातळ स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं खाच खरवडून, फडक्यानं पुसून, डोळ्यांनी बघूनच नवं रिंग बसवा. सीएव्ही 296 प्रकारच्या फिल्टरला वरखाली आणि मध्ये छोटं अशी रिंगं असतात. मधलं छोटं विसरलं तर न गाळलेलं डिझेल पुढं जातं आणि कळतही नाही. बॉशच्या पद्धतीच्या हाफ लिटर फिल्टरमध्ये पहिला कापडी आणि दुसरा कागदी, हा क्रम उलटा करू नये. कागदी फिल्टर धुऊन परत घालणं म्हणजे पंपाचा घात. पाणी साठायच्या वाटीचा खालचा नट रोज सकाळी इंजिन सुरू करण्याआधी थोडा सोडा, पाणी असेल तर तेच आधी येतं. जून ते सप्टेंबर हे टाळू नका. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं आतून घाम धरतो, म्हणून काम संपल्यावर संध्याकाळीच टाकी भरून ठेवणं चांगलं.

फीड पंप हवा घेत असेल तर आधी इंजिन ऑइलची काडी काढा. ऑइलची पातळी वर चढलेली, पातळ आणि डिझेलचा वास, असं असेल तर फीड पंपाचा पडदा (डायफ्रॅम) फाटलाय आणि डिझेल चेंबरमध्ये, म्हणजे इंजिन ऑइलच्या टाकीत, उतरतंय. असा ट्रॅक्टर एक फेरीसुद्धा चालवू नका, बेअरिंग जातील. पडदा बदला आणि ऑइल व ऑइल फिल्टर दोन्ही लगेच बदला. इनलाइन (एका रांगेत नळ्या निघणाऱ्या) डिझेल पंपावरच्या पिस्टनच्या फीड पंपात पडदा नसतो, तिथं आतले दोन व्हॉल्व्ह आणि त्यांच्या स्प्रिंगा झिजतात किंवा कचरा अडकतो. त्याची हात-प्रायमरची (हातानं डिझेल चढवायची) मूठ वापरून झाल्यावर पूर्ण आवळायची. ती ढिली राहिली तर तिथूनच हवा शिरते. प्रायमरचं रबर कडक झालं असेल तर तेही बदला.

दुरुस्तीनंतर एअर काढणं

डिझेल पंप कोणता हे नावावरून ठरवू नका, जुन्या गाड्यांचे पंप बदललेले असतात. गोल डोक्यातून भोवताली नळ्या निघत असतील तर रोटरी. वरून एका रांगेत नळ्या निघत असतील तर इनलाइन.

रोटरीचा क्रम असा. टाकी निदान अर्धी भरलेली, कॉक उघडा, स्टॉप आत ढकललेला, अॅक्सिलेटर पूर्ण. पहिल्या फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सोडा आणि फीड पंपाची दांडी मारत राहा. फेस थांबून सलग डिझेल आलं की दांडी मारता मारताच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर. त्यानंतर पंपावरचे दोन स्क्रू, एक बाजूला हेडच्या बोल्टवर आणि एक वर गव्हर्नरच्या (वेग सांभाळणाऱ्या भागाच्या) झाकणावर, दोन्ही सोडा. दांडी मारा. बाजूचा आधी आवळायचा, वरचा नंतर, कारण हवा वर चढते. मग पंपात येणाऱ्या नळीचा नट अर्धा आटा सोडून चार दांड्या मारा आणि आवळा. शेवटी दोन नोझलचे नट सोडा, सेल्फ दहा सेकंद मारा, एक मिनिट थांबा, पुन्हा मारा. दोन्हीकडून बुडबुड्याविना डिझेल उडायला लागलं की नट आवळून चालू करा. सुटलेल्या नोझलच्या नळीसमोर बोट धरू नका. तिथला दाब डिझेल कातडीतून आत घुसवतो, आणि ती जखम लहान दिसली तरी थेट दवाखान्यात जाण्याची असते.

दांडी हाताला सैल लागते, काहीच ओढत नाही, तर पंप बिघडला असं समजू नका. फीड पंप हलवणाऱ्या इंजिनातल्या कॅमचा उंचवटा नेमका दांडीखाली आलाय. इंजिन एक फेर फिरवा, दांडीला ओढ येईल.

इनलाइनला प्रायमरची मूठ ढिली करून पंप करा, फिल्टरचे स्क्रू, मग पंपाच्या अंगावरचा स्क्रू, मग नोझल. ज्या जुन्या इनलाइन पंपाला स्वतःचं ऑइल असतं, त्याची पातळीही याच वेळी बघा. रोटरी पंप डिझेलवरच वंगण घेतो, म्हणून त्याला पाणी आणि घाण जास्त लवकर मारते.

पाने जोडीनं वापरा: एकानं नट फिरवायचा, दुसऱ्यानं खालचा भाग धरायचा. मॅसी, इंटरनॅशनल अशा इंग्रजी मुळाच्या गाड्यांना बरेच नट इंची मापाचे असतात, एमएमचा पाना लावला की कोपरे झडतात.

नंतरची परीक्षा भारावरच घ्या. अंगणात मोकळ्यावर तासभर चालला याला अर्थ नाही. पाव टाकी डिझेलवर, भरलेली ट्रॉली किंवा रोटाव्हेटर लावून तासभर चालला, आवाज वरखाली झाला नाही, तर काम झालं.

घेतानाच ओळखा

हा रोग व्यवहाराआधी दिसतो. इंजिन मळकट आणि पंपावरचे एअरचे स्क्रू तेवढे चकचकीत, कोपरे झिजलेले असतील तर ते रोज सोडले जातायत. झाकणाखाली पिशवी आहे का, नळीला ट्यूबच्या चिंध्या बांधल्यात का, ऑइलच्या काडीला डिझेलचा वास येतो का, हे बघा. इंजिन थंड असताना पोचा, विकणाऱ्याला आधी तापवून ठेवू देऊ नका, आणि भरलेली ट्रॉली लावून पाऊण तास चालवून मगच बोला. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर घाईचे सौदे होतात, तिथं ही परीक्षा नेमकी सुटते.

कागल, गडहिंग्लजकडून एमएच-09 ची (कोल्हापूर पासिंगची) गाडी आणणार असाल तर फॉर्म 28 ची एनओसी, मालकी बदलाचे 29 आणि 30 विकणाऱ्याच्या सह्यांसह, कर्ज असल्यास बोजा उतरवल्याचा 35, हे पैसे देण्याआधी हातात हवं. पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या आरसीचं नूतनीकरण झालंय का तेही बघा.

तापल्यावरच चालू होत नसेल तर

हवा नाही, डिझेल भरपूर येतंय, फिल्टर नवे, तरीही तापल्यावर सेल्फला दाद देत नाही आणि थंड झाला की लगेच चालू, तर रोटरी पंपाचं हेड आणि रोटर (आतली डिझेल दाबून वाटणारी जोडी) झिजल्याची शक्यता मोठी. तापून पातळ झालेलं डिझेल झिजलेल्या फटीतून निसटतं आणि सेल्फच्या कमी वेगावर नोझल उघडण्याइतका दाब होत नाही. खात्री करायला इंजिन बंद ठेवून पंपावर ओलं फडकं गुंडाळा, दहा मिनिटं थांबा, सेल्फ मारा. लगेच चालू झाला तर पंप बेंचवर (पंप तपासायच्या यंत्रावर) न्यायला हवा. चालू इंजिनच्या तापलेल्या पंपावर बादलीनं पाणी ओतू नका, आतले भाग जाम होतात.

पंप उतरवण्याआधी पंपाच्या आणि इंजिनच्या फ्लँजवरची टायमिंगची खूण पुसून बघा, दिसत नसेल तर छिन्नीनं स्वतः रेघ मारा. उघड्या नळ्यांना आणि पंपाच्या तोंडांना स्वच्छ प्लास्टिकच्या टोप्या लावा, कापूस किंवा चिंधी कोंबू नका. हेड आणि रोटर जोडीनंच बदलतात, एकटा रोटर बदलून देतो म्हणणाऱ्याकडे पंप ठेवू नये. परत घेताना बेंचवरची नोंद मागा: सेल्फच्या वेगावर किती डिझेल सुटतं, पूर्ण वेगावर किती, आणि प्रत्येक नळीत फरक किती.